डावा हात चालतो, उजवा हात बघतो

पडद्यावर बराच वेळ नुसतं छत होतं. मग एकदम जमीन आली, मग भिंतीचा कोपरा, मग पुन्हा छत. माउस ज्यांच्या हातात होता त्या बाई एकोणसाठ वर्षांच्या. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, कोथरूडला राहणाऱ्या, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांचा भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गेमचं नाव ‘पोर्टल’. वाल्व्ह या अमेरिकन कंपनीनं तो २००७ साली काढला.

‘‘मावशी, माउस हळू हलव.’’

‘‘मी कुठे हलवतेय? तोच हलतोय.’’

गेमची सुरुवात काचेच्या एका खोलीत होते. आत पलंग आहे, रेडिओ वाजतो आहे. ठरलेली वेळ भरली की भिंतीत एक लंबगोल दार उघडतं आणि त्यातून काचेची तशीच एक खोली दिसते. त्या खोलीत नारिंगी कपड्यांतली एक तरुणी उभी असते. ‘‘ही कोण आता?’’ बाईंनी विचारलं. भाचा सांगणार होता, पण मी खूण केल्यावर थांबला. बाई डावीकडे सरकल्या. ती तरुणीही सरकली. बाई उजवीकडे आल्या, तीही आली. ‘‘अगं बाई, ही तर मीच!’’ आणि ज्या दारातून आपण आपल्यालाच बघतोय ते दार म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळून गेलं. दाराचं एक तोंड इथे, दुसरं तिथे. पुढचा सगळा गेम या एकाच कल्पनेवर उभा आहे, आणि ती त्यांना कुणीही समजावून सांगितली नव्हती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘उशिरा केलेली सुरुवात’ हा विषय दिला, तेव्हा पोहणं, चित्रकला, परकी भाषा यांवर लिहिणारे आधीच ठरले होते. मी संगणकावरचे गेम मागून घेतले. चाळिशी-पन्नाशीतली बरीच माणसं हल्ली या वाटेला लागलेली मला दिसतात. कुणाचा नातू परदेशात आहे आणि फोनवर त्याच्याशी बोलायला विषय हवा आहे. कुणी शाळेत असताना टीव्हीला जोडायच्या ‘सामुराई’वर कॉन्ट्रा खेळलं, मग नोकरी-संसारात ते सुटलं, आता पुन्हा हाताला खाज सुटली आहे. कुणाला नुसतं कुतूहल आहे. यांतले पुष्कळजण पहिल्याच संध्याकाळी ‘हे आपलं काम नाही’ म्हणून उठतात. ते का उठतात आणि जे टिकतात ते कशामुळे, हे मला जवळून बघायचं होतं.

हात सुटे होईपर्यंत

ज्या गेममध्ये आपण पात्राच्या डोळ्यांनी जग बघतो, तिथे एकाच शरीराची दोन हातांत वाटणी झालेली असते. पाय डाव्या हाताकडे: डब्ल्यू दाबलं की पुढे, एस मागे, ए आणि डी म्हणजे डावी-उजवीकडे. मान उजव्या हाताकडे: माउस सरकेल तिकडे नजर. खऱ्या आयुष्यात चालणं आणि बघणं आपण वेगळं करतच नाही, त्यामुळे नवख्या माणसाला ही वाटणी विचित्र वाटते, आणि ती आहेच विचित्र.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. १९९३च्या ‘डूम’मध्ये बहुतेक लोक बाणांच्या कळांनीच चालत आणि वळत. वर-खाली बघायची सोयच त्यात नव्हती. १९९६ साली ‘क्वेक’ आला, खरी त्रिमिती आली, आणि मान फिरवायला माउस लागू लागला. पुढच्या वर्षी ‘थ्रेश’ या नावानं खेळणाऱ्या डेनिस फाँग या तरुणानं क्वेकची एक गाजलेली स्पर्धा जिंकली आणि गेमच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फेरारी बक्षीस म्हणून नेली. फाँगची बोटं ज्या चार कळांवर असत, त्या कळा मग बाकीच्यांनीही उचलल्या, आणि बघता बघता तो रिवाज झाला. दहा वर्षांच्या पोराला जे उपजत येतं असं आपल्याला वाटतं, ते एका आख्ख्या पिढीनं बसून शिकलेलं आहे.

बाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पेटीचं उदाहरण दिलं. ‘‘शिकताना माझाही भाता थांबायचा. उजवा हात सूर शोधायला लागला की डावा हात आपलं काम विसरायचा. बाई म्हणायच्या, हात सुटे होऊ देत, मग गाणं.’’ पडद्यावर तेच चाललं होतं. त्या चालायच्या, थांबायच्या, मग मान वळवायच्या, मग पुन्हा चालायच्या. पुढे जाताना नजर जमिनीकडे घसरलेली असायची, कारण माउसवरच्या हातानं लक्ष सोडलेलं असायचं.

आणखी एक अडचण मला त्यांच्या शेजारी बसल्यावरच दिसली. बँकेतला माउस टेबलाच्या एका तळहाताएवढ्या जागेत फिरतो, कारण बाण पडद्याच्या कडेला जाऊन थांबतो. गेममध्ये कड नसते. गोल वळायचं तर माउस सरकत सरकत टेबलाच्या टोकाला जातो, आणि बाई तिथे अडकून बसायच्या. माउस उचलायचा, मागे आणून ठेवायचा आणि पुन्हा सरकवायचा, ही साधी गोष्ट भाच्याला सांगावीशीही वाटली नव्हती. तो ती नकळत करतो.

खरं तर माउस शिकवण्यासाठी गेम वापरण्याची कल्पना बाईंच्या पिढीवर एकदा यशस्वी झालेली आहे. १९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला. वस्तू माउसनं धरायची, ओढायची आणि सोडायची, हे हाताला अंगवळणी पडावं हा त्यामागचा एक हेतू होता. वेस चेरी या मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यानं तो लिहिला, पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली. ‘‘आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळे तेच खेळायचे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्याला कुणी गेम म्हणत नव्हतं, इतकंच.’’

भाच्यानं एक चांगला सराव काढला. खोलीच्या मधोमध एक खोका होता. ‘‘याच्याभोवती पूर्ण फेरी मार, पण खोका नजरेआड होऊ द्यायचा नाही.’’ हे करायला दोन्ही हात एकाच वेळी लागतात. डावा हात बाजूला सरकत राहतो, उजवा हात तेवढीच मान उलट वळवत राहतो. पहिल्या फेऱ्या चौकोनी झाल्या. नंतर कोपरे बोथट होत गेले. सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी हाच सराव सांगेन. शत्रू नाही, घड्याळ नाही, फक्त एक खोका.

मळमळीबद्दल इथेच लिहायला हवं, कारण कितीतरी लोक तिच्यामुळे सोडतात आणि लाजेनं कारण सांगत नाहीत. डोळे सांगतात की आपण धावतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण खुर्चीत बसलोय. या भांडणातून घेरी येते, घाम सुटतो, पोट ढवळतं. यात वयाचा किंवा कमकुवतपणाचा प्रश्न नाही, मुरलेल्या खेळाडूंनाही हे होतं. बऱ्याच गेमच्या सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ नावाचा आकडा असतो. तो वाढवला की नजरेचा आवाका रुंदावतो आणि त्रास कमी होतो. ‘मोशन ब्लर’ आणि चालताना डोकं हलल्यासारखं दाखवणारा पर्याय बंद करावा. माउसचा वेग कमी करावा, खोलीत दिवा लावावा, पडद्यापासून थोडं मागे बसावं. आणि पहिली मळमळ जाणवली की उठावं. नेट लावून खेळत राहिलं तर ती सवय होत नाही, उलट बळावते.

कुणीच न सांगितलेले नियम

नाशिकचे एक गृहस्थ, वय पंचेचाळीस, हिशेबनीस. त्यांनी सेलमध्ये ‘स्कायरिम’ घेतला. २०११ सालचा, प्रचंड मोठ्या जगाचा, जगभर नावाजलेला गेम. लहानपणी कॉन्ट्रा खेळलेले असल्यानं हात बऱ्यापैकी चालत होते. तरी दोन-तीन बैठकींत ते वैतागले, कारण त्यांच्या पात्राला धावताच येईना.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पात्राची झोळी उघडून बघितली. तीत बादल्या होत्या, लाकडी ताटं होती, टोपल्या होत्या, कोबीचे गड्डे होते. वाटेत दिसलेली प्रत्येक उचलण्याजोगी वस्तू त्यांनी उचलली होती. ‘‘उचलता येते म्हणजे कामाची असणार, असं धरून चाललो,’’ ते म्हणाले. हा तर्क अगदी बरोबर आहे. ज्यानं पन्नास गेम खेळले आहेत त्यालाच ठाऊक असतं की त्या जगात बादली ही शोभेची वस्तू आहे, आणि ओझं ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की धावणं बंद होतं.

असे नियम ढिगानं आहेत. लाल पिंपावर गोळी मारली की स्फोट होतो. डोक्यावर उद्गारचिन्ह असलेल्या माणसाकडे आपल्यासाठी काम असतं. ज्या दाराला चकाकी नाही ते भिंतीवर काढलेलं चित्र समजावं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं चक्र फिरलं की गेमनं आपली प्रगती जपून ठेवली. हे कुठल्याही पुस्तिकेत एकत्र लिहिलेलं नसतं, कारण गेम बनवणारे लहानपणापासून गेम खेळत आलेले असतात आणि खेळणारेही तसेच असतील असं धरून चालतात.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मरणाबद्दलचा. नाशिकच्या गृहस्थांनी सुरुवातीचा बराच वेळ कुठल्याही झटापटीपासून लांब राहण्यात घालवला होता. त्यांच्या आठवणीतल्या कॉन्ट्रात मोजके जीव मिळत, ते संपले की पहिल्यापासून. आता तसं नसतं. स्कायरिममध्ये मेलात तर शेवटी जिथे नोंद झाली असेल तिथून उठता, आणि हवी तेव्हा नोंद करताही येते. बहुतेक आधुनिक गेममध्ये मरण ही ‘हे असं नको, दुसरं काही कर’ एवढीच सूचना असते. हे समजल्यावर ते अस्वलाच्या अंगावर आपणहून गेले, दोनदा मेले, तिसऱ्यांदा झाडामागून बाण मारले. चेहरा पंचेचाळीसचा राहिला नव्हता.

मोठ्या माणसांची भीती मुलांपेक्षा वेगळी असते हे मला या निमित्तानं नीट कळलं. मूल कळा दाबून बघतं. मोठा माणूस विचारतो, ‘‘हे दाबलं तर काही बिघडणार नाही ना?’’ आयुष्यभर चुकीच्या नोंदीची किंमत मोजलेल्या माणसाला चूक फुकट असते यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तो वेळ त्याला मिळायला हवा.

‘‘दे इकडे, मी करतो’’

या लेखासाठी हिंडताना जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली ती गेममधली नव्हती. ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती.

पोर्टलच्या पहिल्या कोठडीत नळीतून एक खोका पडतो आणि जमिनीवर मोठं तांबडं बटण असतं. बटणावर वजन आलं की दार उघडतं. बाई स्वतःच बटणावर जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं. त्या दाराकडे निघाल्या, दार मिटलं. परत बटणावर, परत उघडलं. ‘‘मावशी, खोका…’’ भाचा म्हणाला आणि त्याचा हात माउसकडे गेला. ‘‘दे इकडे, दोन सेकंदांत करतो.’’

त्यानं केलं असतं तर बाईंना दार ओलांडून मिळालं असतं आणि गेम गमावला असता. कारण गेम म्हणजे ती दोन मिनिटंच, ज्यांत माणूस दाराकडे आणि बटणाकडे आळीपाळीनं बघतो. बाईंनी त्याचा हात बाजूला केला, खोक्यापाशी गेल्या, तो कसा उचलायचा ते विचारलं (ई दाबायचं), आणि आणून बटणावर ठेवला.

वाल्व्हची काम करायची पद्धत या बाबतीत शिकण्यासारखी आहे. गेम अर्धाकच्चा असतानाच बाहेरच्या लोकांना बोलावून खेळायला बसवायचं, बनवणाऱ्यांनी मागे बसून बघायचं, आणि मदत करायची नाही. माणूस जिथे अडकेल तिथे दोष माणसाचा न धरता खोलीचा धरायचा आणि खोली बदलायची. या घडणीबद्दल बनवणाऱ्यांनी केलेलं भाष्य पोर्टलमध्येच ध्वनिरूपात ऐकायला ठेवलेलं आहे. म्हणूनच या गेमच्या पहिल्या खोल्यांत ती लंबगोल दारं आपोआप उघडतात, मग हातात एकच दार उघडणारं यंत्र येतं, आणि दुसरं दार उघडायची मुभा चांगली अकराव्या कोठडीत मिळते. तोवर हात सुटे झालेले असतात.

घरच्या शिकवणाऱ्यानंही एवढंच करावं. कळ कुठली ते सांगावं, उत्तर सांगू नये, आणि हात मांडीखाली ठेवावेत. नवऱ्यानं बायकोला, मुलीनं बापाला, भाच्यानं मावशीला शिकवताना माउस ओढून घेतला की समोरच्याला ऐकू येतं ते एकच: तुला जमायचं नाही. माणसं गेम सोडतात ती बहुधा त्या क्षणी. कठीण कोड्यापाशी सोडणारे मला फारसे भेटले नाहीत.

थांबवता न येणारा डाव

पुण्यातल्या एका गेमिंग कॅफेत दुपारभर बसलो. अंधारी खोली, कळांखाली पेटणारे रंगीत दिवे, एसीचा गारठा, कानांवर हेडफोन चढवलेली कॉलेजची मुलं. तासावर पैसे. बहुतेक पडद्यांवर ‘व्हॅलोरंट’, काहींवर ‘काउंटर-स्ट्राइक’. पाचजणांविरुद्ध पाचजण, आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ सरस. तिथे चाळिशीतले एक दादा धाकट्या भावाबरोबर पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या संघातल्या कुणा अनोळखी मुलानं हेडफोनमधून जे ऐकवलं ते इथे छापण्याजोगं नाही. दादांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

नवख्यानं इथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची दोन कारणं. एक म्हणजे असा डाव थांबवता येत नाही. दाराची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, आईनं हाक मारली, तरी उठायची सोय नाही, कारण नऊ माणसं अडकलेली असतात. संसारी माणसाला एस्केप दाबलं की जागच्या जागी थांबणारा गेमच हवा. दुसरं कारण वयाचं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. परिस्थिती बदलल्यावर हालचाल करायचा वेग चोविसाव्या वर्षापासूनच मंदावायला लागतो असं त्यांना आढळलं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की वयानं मोठे खेळाडू ही कसर सोप्या डावपेचांनी आणि गेममधल्या सोयींचा नीट वापर करून भरून काढतात.

एक प्रयोग याच्या उलट टोकाचा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी ६० ते ८५ वयाच्या लोकांना गाडी चालवतानाच खुणा ओळखायला लावणारा ‘न्यूरोरेसर’ हा खास बनवलेला गेम महिनाभरात एकूण बारा तास खेळवला. दोन कामं एकत्र करण्यात ते सराव न केलेल्या विशीतल्या मुलांच्या पुढे गेले आणि सहा महिन्यांनीही ती कमाई टिकून होती. ‘नेचर’मध्ये २०१३ साली हे छापून आलं. गेम खेळून विसराळूपणा जातो असा याचा अर्थ कुणी काढू नये. म्हातारे हात शिकतात, एवढंच यातून घ्यावं.

आणि शिकलेल्या हातांची उदाहरणं आहेतच. जपानच्या हामाको मोरी यांचा जन्म १९३० चा. त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर, १९८१ साली, गेम खेळायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये सर्वांत वयस्क गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनेस बुकात नाव लागलं. अमेरिकेतल्या शर्ली करी यांना मुलानं ‘सिव्हिलायझेशन २’ शिकवला, तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. पुढे त्यांच्या स्कायरिमच्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या. करी यांची सुरुवात मला फार योग्य वाटते. सिव्हिलायझेशनमध्ये आपली खेळी झाल्याशिवाय समोरचा खेळत नाही. चहा घेऊन यावं, विचार करावा, मग सैन्य हलवावं. बुद्धिबळ किंवा ब्रिज खेळणाऱ्या माणसाला असा गेम पहिल्या तासातच आपला वाटतो.

लॅपटॉप, पैसे आणि घरातला संशय

दुकानात गेलात तर गेमिंगसाठी लाखभराचं यंत्र लागतं असं ऐकायला मिळेल. सुरुवातीला त्याची गरज नाही. घरातला ऑफिसचा साधा लॅपटॉप पोर्टल चालवतो, शेतीचा ‘स्टारड्यू व्हॅली’ चालवतो, सगळे कोड्यांचे आणि पत्त्यांचे गेम चालवतो. विकत घ्यायचा तो फक्त एक तारेचा माउस, कारण लॅपटॉपच्या टचपॅडवर मान वळवणं म्हणजे छळ आहे. चाळिशीचा चष्मा असेल तर सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार आधी वाढवून घ्यावा. अक्षरं दिसत नाहीत म्हणून गेम कळत नाही, असं कितीतरी जणांचं होतं.

गेम मिळतात ते बहुतेक ‘स्टीम’ या वाल्व्हच्याच दुकानातून. किंमती रुपयांत असतात आणि सेल वारंवार लागतात. पोर्टलसारखा जुना गेम सेलमध्ये शंभर रुपयांच्या आत मिळून जातो. नवख्यानं तिथला एक नियम लक्षात ठेवावा: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. मळमळलं, आवडलं नाही, लॅपटॉपवर चाललं नाही, कुठलंही कारण चालतं. ‘एपिक’ या दुसऱ्या दुकानात दर आठवड्याला एखादा गेम फुकट असतो.

घरातला संशय मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. नाशिकच्या गृहस्थांच्या पत्नीनं आधी स्पष्ट विरोध केला होता. त्यांच्या नात्यात एकानं मोबाइलवरच्या रमीत पैसे घालवले होते, आणि गेम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तेच यायचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी महाराष्ट्रातली किती घरं पोळली आहेत हे आपण बघितलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून असे खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे व्यवहार यांवर बंदी घातली. एकदा किंमत मोजून घरी आणलेला गेम आणि पैसे लावायचा खेळ यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे घरात बसून शांतपणे सांगावं. फुकट म्हणून मिळणारे आणि आत गेल्यावर पावलोपावली खरेदी सुचवणारे गेम मात्र मोठ्यांनीही जपूनच उघडावेत.

पार्सनिप चार दिवसांत

भाषेचा अडसर शेवटी सांगतो, पण तो लहान नाही. मराठीत खेळता येतील असे संगणकावरचे चांगले गेम शोधून फार थोडे मिळतात. पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट, दुर्गा आणि विष्णू तिचे सूत्रधार, मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी रंगवलेले. राजस्थानी वाड्यांतून ती मुलगी भिंतीवरून धावते तेव्हा मला फार आनंद झाला. पण त्यात मारामारीला वेग लागतो, पहिल्या गेमसाठी तो जरा कठीण. त्यापेक्षा २०२३चा ‘वेंबा’ सोपा. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची डाग पडलेली, पुसट झालेली पाककृतींची वही, आणि इडलीपात्रात काय आधी, काय नंतर हे आपण जुळवायचं. एका बैठकीत संपतो. दोन्ही गेम करणाऱ्यांनी आपल्याकडचं जग पडद्यावर आणलं आहे. मराठी अक्षरांची वाट मात्र अजून बघायची आहे, आणि पुण्यात बसून गेम करणाऱ्यांनी ती जबाबदारी आपली मानावी असं मला मनापासून वाटतं.

कोथरूडच्या बाई पोर्टल संपवून आता स्टारड्यू व्हॅलीत शेती करतात. एरिक बॅरोन या एकाच माणसानं साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, लिखाण सगळं स्वतः केलं आणि २०१६ साली तो आणला. आजोबांचं पडीक शेत मिळतं, हातात पार्सनिपचं पंधरा बी. एक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, एक दिवस खऱ्या घड्याळात साधारण चौदा मिनिटांचा. बाईंच्या लॅपटॉपशेजारी एक वही असते. तीत मराठीत तक्ता आहे: पार्सनिप चार दिवस, बटाटा सहा, फ्लॉवर बारा. पुढे बियाण्याचा भाव आणि विक्रीचा भाव. खाली ठळक अक्षरांत, ‘बुधवारी दुकान बंद’. माहेर इंदापूरकडचं, घरी ऊस. चार दिवसांत पीक येतं याचं त्यांना पहिल्यांदा हसू आलं. पण ऋतू पालटला की उभं पीक जातं, हे कळल्यावर त्यांनी सोळाव्या दिवशीच फ्लॉवर लावणं थांबवलं होतं. भाच्याच्या पहिल्या खेळात ते सगळं वाळून गेलं होतं.

आता दोघं एकाच शेतात खेळतात, ती माउसवर, तो कंट्रोलरवर, पडदा दुभागलेला. गल्ला सामाईक आहे. दोघांनी अंथरुणात शिरल्याशिवाय दिवस संपत नाही. मी गेलो त्या संध्याकाळी तो खाणीत दगड फोडत होता आणि मावशी पलंगावर जाऊन थांबली होती.

‘‘नवी तलवार घेऊ का? पैसे आहेत.’’

‘‘ते पैसे उन्हाळी बियाण्याचे आहेत. हात लावायचा नाही. आणि झोपायला ये आधी, एक वाजत आला. दोनला कोसळतोस आणि पैसे जातात, मागच्या वेळचं विसरलास?’’

‘‘पाच मिनिटं, मावशी.’’

‘‘इथली की तिथली?’’